आमचे आतोबा आणि तो सिस्टिम

अख्ख्या झाशीत आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, अस्वस्थ माणूस दुसरा सापडायचा नाही. खुर्चीत नीट टेकतील तर शपथ! जेवता जेवता उठून गॅस बघतील, कुलूप लावून निघाले की ते ओढून बघायला गल्लीच्या टोकावरून परत येतील. इथे मराठी घरं मोजकी, त्यामुळे ‘तुम्ही कोणाचे?’ असं विचारल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याला चहा मिळत नाही. आतोबा तर राँग नंबरवाल्यालाही सोडत नाहीत. ‘‘भैया, किसके यहाँ से हो?’’ हे विचारूनच फोन ठेवतात.

सीपरी बाजारातल्या औषधांच्या ठोक दुकानात ते मॅनेजर आणि मी कॉम्प्युटरवर. मालाचा सगळा कारभार इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि आतोबांची उरलीसुरली झोप उडाली. मऊरानीपूरच्या शाखेत माल कमी झाला की परस्पर मागणी लागलेली, आणि लावणाऱ्याचं नाव ‘सिस्टिम’! ‘‘हा कोण रे? कोणाचा? हजेरीला कधी दिसला नाही!’’ मी समजावलं, आतोबा, ते सॉफ्टवेअरबरोबरच आलेलं खातं आहे, माणूस नाही. ‘‘माणूस नाही, तर माझ्या मालाला हात लावतोच कसा?’’ आणि एका शनिवारी माझी पाठ वळताच त्यांनी ते खातं चक्क बंद करून टाकलं.

सोमवारी मऊरानीपूरहून फोन आला. ‘‘भाईसाहब, इंसुलिन नहीं आया. एक अम्माजी सुबह से बैठी हैं, घर में भी ख़तम है.’’ येणार कुठून? मागणी लावणाऱ्यालाच आम्ही घरी बसवलेलं! आतोबांनी आमच्या फ्रीजमधून इन्सुलिन काढलं. मी गाडीची चौकशी करतोय तोवर बर्फाचा डबा पोटाशी धरून स्वारी बसमध्ये. कंडक्टर डबा वर ठेवा म्हणाला, तर म्हणे, ‘‘पहले मुझे ऊपर रखो!’’ अम्माजींना सुई टोचलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, तेव्हाच ते तिथून हलले.

संध्याकाळी आले ते थेट माझ्या टेबलाशी. ‘‘चालू कर त्याला.’’ मी केलं. अडलेल्या मागण्या भराभर लागत गेल्या आणि आतोबा चक्क खुर्चीत बसून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘दिवसभर राबतो रे बिचारा. आणि जेवलास का, म्हणून विचारणारं कुणी नाही.’’ आत्या जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘आतोबा, आज आमच्याकडेच जेवायला चला.’’ एरवी त्यांना चार वेळा आग्रह करावा लागतो. त्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद करेपर्यंत ते चपला घालून जिन्यात उभे होते.