मागच्या काचा

"श्वास मोकळा हवा," हे आमच्या डॉक्टरांचे पालुपद. रुग्णाच्या छातीवर बोटाने ठोकताना ते हेच पुटपुटत, आणि रोज सकाळी आपल्या जुन्या काळ्या मोटारीच्या सायलेन्सरसमोर तळहात धरून उकिडवे बसत तेव्हाही हेच. यंत्राशी असे बोलणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. कोल्हारच्या त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. ओट्यावरचे लोक विचारत, "डाक्तर, गाडीला बी सुई टोचायची का?" नाडी पाहून ठरवू, असे ते गंभीरपणे सांगत.

दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात एका दुपारी एक सासू आपल्या अडलेल्या सुनेला बैलगाडीतून घेऊन आली. डॉक्टरांनी पोटाला नळी लावली. बाळाचे ठोके चालू होते, पण मूल आडवे होते. नगरला नेऊन शस्त्रक्रिया केल्यावाचून इलाज नव्हता. दोघींना मागे बसवून आम्ही मोटारीने निघालो.

राहुरी सोडल्यावर मोटार दम टाकू लागली. विळदच्या चढावर तर ती जागची हलेना. उभी असताना इंजिन नीट चाले. ओझे ओढायला लावले की गुदमरे. आजूबाजूला दुष्काळी कामाच्या खडीच्या ढिगांखेरीज काही नव्हते. मागे सून कण्हत होती. मी पेट्रोलची नळी फुंकली, प्लग पुसले. उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी सायलेन्सरसमोर हात धरला. धूर जेमतेम येत होता. मग पान्याने त्यांनी सायलेन्सरवर, छातीवर ठोकावे तसे, जागोजागी ठोकले. एका ठिकाणी आवाज बद्द आला. आतला गंजका पत्रा सुटून धुराची वाट बुजली होती.

गाडीखाली शिरून त्यांनी इंजिनाकडून येणारा पाइप सायलेन्सरपासून सोडवला. तापलेल्या लोखंडाने तळहाताची कातडी निघाली. मोटार आता चढ चढणार होती; परंतु धूर थेट आमच्या पायांखाली सुटणार होता, आणि तळाच्या पत्र्याला फटी होत्या.

"मावशी, मागच्या काचा उघड्याच राहू द्या. या धुरातल्या विषाला वास नसतो," डॉक्टर सासूला म्हणाले.

"पोरीला वारं लागंल की."

"लागू द्या."

गर्जत निघालेल्या त्या मोटारीत पुढे कोणाला कोणाचे ऐकू येईना. डॉक्टरांचे डोळे रस्त्यावर, माझे उष्णतेच्या काट्यावर. मी मागे वळून पाहिले नाही.

नगरला सून वाचली. बाळाचे ठोके तिला टेबलावर घेण्याआधीच थांबले होते.

अशा अडलेल्या बाळंतपणात हे घडते, असे तिथल्या सर्जनांनी सांगितले. डॉक्टरांनी मान डोलावली, पण ते बोलणे त्यांच्या मनाला पटले नाही. औषधाची बाटली हातात घेऊन ते मध्येच मला विचारत, "मागच्या काचा उघड्या होत्या ना रे?" मी पाहिले नव्हते, एवढेच मी सांगे. 'हो' हा शब्द अनेकदा ओठांवर आला आणि परतला. ती माझी सचोटी होती की निष्ठुरता, हे पन्नाशी ओलांडल्यावरही मला ठरवता आलेले नाही. डॉक्टर जेवेनासे झाले. मोटार दुरुस्त होऊन आली, तरी ते तिच्याजवळ जात नसत.

पौषातल्या एका सकाळी सासू-सून दवाखान्यात आल्या.

"डाक्तर, तुमी नसता तर ही बी गेली असती," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "मावशी, त्या दिवशी मागच्या काचा उघड्या ठेवल्या होत्यात?"

"न्हाई. घाट चढल्यावर लावल्या मी. पोरगी लई कापत हुती." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझं काई चुकलं का?"

इतके दिवस मागितलेले उत्तर समोर आले होते. ते नुसते ऐकून घेतले असते तरी डॉक्टरांचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर गेले असते. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"काही चुकलं नाही," ते म्हणाले. "थंडी होतीच. काचांनी काही झालं नाही. गाडीच माझी जुनी."

मावशींचे खांदे सैल झाले. सुनेकडे पाहत त्या म्हणाल्या, "मग फुडल्या खेपेला बी हिला तुमच्याच गाडीतनं नेऊ."

"नेऊ. पण काचा उघड्या ठेवायच्या."

"का वं?"

"मला फार उकडतं," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बोचरे वारे सुटले होते. मावशींनी पदर कानांवर घट्ट ओढला आणि 'बरं' म्हणून त्या उठल्या.