होडी उलटायची परीक्षा

सोलापुरात पाणी नाही, असं कुणी पाहुणा म्हणाला की माझं डोकं फिरतं. त्याला मी सरळ हिप्परग्याच्या तलावावर नेते. इंग्रजांच्या काळातला तलाव. पाऊस बरा झाला की नजर पुरत नाही एवढं पाणी. आमच्या नळाला चार दिवसांनी येतं, ती गोष्ट वेगळी.

रविवारी सकाळी मी आणि सासूबाई तिथे बांधावर फिरायला जातो. सासूबाई अक्कलकोटकडच्या. निम्मं कानडी बोलतात आणि माझ्यापेक्षा भरभर चालतात. हल्ली माझी लेकही येते, पण चालायला नव्हे, एकट्यानं बसायची अरुंद होडी वल्हवायला. वल्हवते अशी की अंगावर शिंतोडा उडत नाही. उडेलच कसा? नळ आला की भरलेली घागर कमरेवर घेऊन तीन जिने चढायचे आणि थेंब सांडला तर आजीची बोलणी खायची, यातच ती लहानाची मोठी झाली.

शर्यतीत उतरायचं तर एक परीक्षा होती. होडी मुद्दाम उलटी करायची आणि पाण्याखालून सुटून वर यायचं. पोहायला तिला उत्तम येतं. पण होडीच उलटेना! ती झुकायची, होडी कलंडायला लागायची आणि तेवढ्यात तिची कंबर आपसूक तोल सावरायची. पुन्हा पुन्हा तेच. "आता शेवटचं. नाही जमलं तर यंदा शर्यत नाही," शिकवणारे सर म्हणाले. लेक रडकुंडीला आली.

"काय करायलीय गं ती?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पदर खोचला, पाण्याच्या कडेला गेल्या आणि अख्ख्या बांधाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अंजबेड! घाबरू नको! सांड की गं, सांड! तळं भरलंय, कोण रागवत न्हाय!"

लेकीनं वळून आजीकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. हसता हसता होडी पालथी झाली. क्षणभर नुसतं पाणी दिसलं. मग तिचं डोकं वर आलं, अजून हसतच. माझी छाती अभिमानानं फुलून आली. सासूबाई तर फिरायला आलेल्या अनोळखी माणसांना थांबवून सांगत होत्या, "नात हाय माजी!"

परतताना रिक्षात लेक बाटलीतलं पाणी पीत होती. गचका बसला, थोडं सांडलं. सासूबाईंनी डोळे वटारले.

"तळ्यात सांड म्हणलं होतं. हितं न्हाय."