डोळे मिटून चालू करा

अण्णांची आणि माझी पहिली भेट अठरा वर्षांपूर्वीची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मी मिरकरवाड्याच्या उतारावरच्या ‘सुर्वे रिपेरिंग’मध्ये काम मागायला गेले होते. माझ्याकडे नवाकोरा चंदेरी मोबाईल होता, घडीचा, आणि तो त्यांच्या नजरेत भरावा म्हणून मी मुद्दाम टेबलावर ठेवला. अण्णांनी सर्टिफिकेट बाजूला सारलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. “हात भिजव. आता डोळे मीट नि घरी फोन लाव.” बटणं काचेसारखी गुळगुळीत. मी तीनदा नंबर चुकवला आणि तिसऱ्यांदा एका अनोळखी बाईंनी मला चांगलंच झापलं. “दिसायला ब्येस हाय गो,” अण्णा म्हणाले, “पन हाताला काय कळत नाय त्याच्यातलं. उद्यापास्नं ये.”

श्री. विश्वनाथ सुर्वे, ज्यांना सगळं बंदर अण्णा म्हणतं, ते यंदा पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. या गौरव अंकासाठी त्यांच्याविषयी लिहायचं काम सत्कार समितीने माझ्याकडे दिलं तेव्हा मी फुशारून गेले होते. लेख एका बैठकीत लिहूनही झाला होता. तो लेख आता फाडला आहे. का फाडला ते पुढे येईलच, पण आधीच सांगते, त्या दिवशी बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

अण्णा तरुणपणी पोफळीला वीजगृहात नोकरीला होते. डोंगराच्या पोटातलं काम, दिवे गेले की मिट्ट काळोख. तिथल्या एका वरिष्ठांनी त्यांना शिकवलं की खटका डोळ्यांना नव्हे, हाताला पाठ पाहिजे. नोकरी सोडून ते घरी आले आणि दुकान टाकलं ते याच एका शिकवणीवर. टॉर्च असो, रेडिओ असो, बोटीवरचा वायरलेस असो, दुरुस्त झालेली वस्तू गिऱ्हाइकाने ओल्या हाताने आणि डोळे मिटून चालू करून दाखवल्याशिवाय ती दुकानाबाहेर जात नाही. भलेभले तांडेल, ज्यांच्या शब्दावर अख्खी बोट चालते, ते अण्णांच्या टेबलासमोर डोळे मिटून चाचपडताना मी पाहिलेत. कोणी हसलं की अण्णा म्हणत, “हस. वादळात सापडलास की आठवशील.”

मासे कापणाऱ्या सुगंधाकाकींना मुंबईच्या मुलाने मिक्सर पाठवला होता. वर काळी काच, बोट टेकवलं की निळे दिवे. काकींच्या खवल्यांनी भरलेल्या ओल्या बोटांना तो दादच देईना. अण्णांनी काच काढली, दिवे काढले आणि पंख्याच्या रेग्युलेटरला असतं तसं एक गोल, जाडजूड बटण बसवलं. गणपतीला मुलगा आला आणि मिक्सर बघून हबकला. “आई, ह्याचं काय करून ठेवलंस?” काकी म्हणाल्या, “आधी तुजा व्हता. आता माजा झाला.”

अण्णांच्या टेबलावर नेलपॉलिशची बाटली असते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावरून आपण सर्वांनी त्यांची चेष्टाही केली आहे. म्हाताऱ्या खलाशांच्या फोनवर मधल्या पाचाच्या बटणावर ते तिचा एक थेंब सोडतात, तो वाळून टणक झाला की बोटाला खूण मिळते. पूर्वी तो थेंब लाल असे. अलीकडे कधी जांभळा, कधी चमकीचा हिरवा. मी विचारलं तर म्हणाले, “रंगाशी काय करायचंय?” मला वाटलं, तत्त्वज्ञान.

आमचं या विषयावर पटत नसे, हेही लिहायला हवं. मला देखण्या वस्तू आवडतात. लोकांनी हौस केली तर अण्णांच्या पोटात का दुखावं, असं मी तोंडावर म्हटलेलं आहे. “हौस करा की. मी कुठं नको म्हनतो? पन आधी चालूं दे, मग नाचूं दे,” एवढंच त्यांचं उत्तर. तीन वर्षांपूर्वी मी गावात माझं मोबाईलचं शोरूम काढलं. छतभर दिवे आणि जमिनीपासून वरपर्यंत एकसंध काचेचं दार, त्याला कडी नाही, मूठ नाही. उद्घाटनाला अण्णा नवं धोतर नेसून आले आणि त्या दारावर कपाळ आपटलं. सगळे हसले. मीही हसले. अण्णा कपाळ चोळत म्हणाले, “दार हाय हे दारानं सांगायला नको?” त्यानंतर ते माझ्या दुकानात पुन्हा आले नाहीत. माझा झगमगाट त्यांना रुचला नाही अशी मी समजूत करून घेतली आणि थोडी रागावलेही.

तरी रोज सकाळी शोरूम उघडण्याआधी तास-दीड तास त्यांच्या टेबलाशी बसायचा माझा शिरस्ता मोडला नाही. चार वर्षांपूर्वी अण्णांनी बारीक सोल्डरिंग मला करायला दिलं. “तुझा हात बसायला पायजे.” रेझिस्टर हा तांदळाच्या दाण्याएवढा भाग असतो आणि त्याचं मोजमाप त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. अण्णा तो चिमटीत धरून माझ्यापुढे करत, “रंग वाच.” मी वाचायची, तपकिरी, काळा, लाल. चाळिशी उलटली तरी गुरुजी परीक्षा घेतात, याचं मला कोण कौतुक. घरी जाऊन सांगायची, अण्णांचा आता माझ्यावर पूर्ण विश्वास बसला.

गेल्या महिन्यात मी लेख घेऊन त्यांच्याकडे गेले. पिशवीतून कागद काढले, त्यांच्या हातात दिले आणि अण्णांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या घरच्या काकींच्या, हातचा चहा घ्यायला आत गेले. बाहेर आले तर अण्णा कागद समोर धरून सावकाश मान डोलवत होते. अंगठ्याने कोपरा चोळून म्हणाले, “कागद भारीतला वापरलास. छान लिव्हलंस हो. जरा माजं कौतुक जास्तीच केलंस.”

त्यांच्या हातात माझा लेख नव्हता. मी घाईत दिलेलं ते एका नव्या मोबाईलचं जाहिरातपत्रक होतं. त्यावर एका मुलीचा हसरा फोटो होता आणि चार मोठी अक्षरं.

मी कप टेबलावर ठेवला. काकींनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि पदर तोंडाला लावला. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

“किती दिवस?” मी विचारलं.

अण्णांनी कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला. “चार वर्सं. काचबिंदू. गेलं ते काय परत येत नाय, उरलं ते थेंबांनी ऱ्हाईल म्हनतात. उजेड कळतो. मानूस उभा हाय हे कळतं. कोन ते आवाजावरनं.”

मला रडू आलं नाही, राग आला. त्यांच्यावर आला, काकींवर आला आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. बाहत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांना भेट दिलेला मोठ्या काचेचा फोन अजून खोक्यात होता. “बोटाला काय लागत नाय त्याच्यात,” असं ते म्हणाले होते आणि मी ते गावभर विनोद म्हणून सांगितलं होतं. ते कपाळ. ती जांभळी नेलपॉलिश. ती माझी परीक्षा. चार वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते आणि मला दिसलं नाही.

“सांगितलं का नाही?”

“आंधळ्याकडं कोन वायरलेस देईल गो? बोट त्याच्यावर चालते.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. “दुकान गेलं तर मी सकाळी उठून करायचं काय?”

हे छापायला त्यांनी आठ दिवस नकार दिला. मी म्हटलं, अण्णा, आज ना उद्या कोणीतरी बोलेलच, मग लोकांना फसवल्यासारखं वाटेल. नवव्या दिवशी ते म्हणाले, “लिव्ह. पन आधी मला सांग, ह्या चार वर्सांत माज्याकडली एक तरी वस्तू परत आली?”

मी खूप आठवलं. एक आली होती. एका बोटीवरचा वायरलेस सेट, आठवड्यात बंद पडला होता. मी तसं सांगितलं.

“तो,” अण्णा म्हणाले, “तुज्या डोळ्यांनी केलेला. परत आला तवा तुज्या काकीकडनं वाचून घेतला. केशरी पट्टा तू लाल वाचलास.”

आपणा सर्वांना म्हणून हे कळवते आहे. दुकान चालू आहे. टेबल तेच आहे, हत्यारं जिथल्या तिथे आहेत, बारीक काम मी करते आणि मी केलेलं प्रत्येक काम अण्णा बोटांनी तपासतात. ज्यांना आता आपली वस्तू तिथे न्यायची धास्ती वाटेल त्यांनी एकदा जावं, हात भिजवावा, डोळे मिटावे आणि आपलीच वस्तू चालू करून बघावी. दोन मिनिटांत आपलं काय होतं ते बघावं, आणि मग चार वर्षांचा हिशेब मनाशी करावा.

माझ्या शोरूमच्या काचेच्या दाराला मी पितळेची जाड कडी बसवून घेतली. कारागीर म्हणाला, बाई, शोभा गेली. परवा अण्णा आले. हात काचेवरून सरकला, कडीवर थांबला, दार उघडलं. आत येऊन त्यांनी तोंड वर केलं नि विचारलं, “दिवे बरेच लावलेयस, नाय?”

अण्णांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे आणि हात असेच खणखणीत राहोत, उरलेला उजेड थेंबाथेंबाने का होईना टिकून राहो, आणि काकींची साथ असो. माझ्यासाठी एवढंच मागते की अजून पुष्कळ वर्षं रोज सकाळी चिमटीत दाणा धरून त्यांनी “रंग वाच” म्हणावं. केशरीला मी केशरीच म्हणेन.