याला खुरपं म्हणू नका

आमच्या सासूबाईंचं डोरलं कांद्याच्या वाफ्यात हरवलं, तेव्हा मदतीला मला कुणीही बोलावलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे जे काही झालं, त्यात सगळ्या घरादाराचं हेच एक म्हणणं होतं.

माझी सासुरवाडी राहुरीजवळ. कालव्याचं पाणी, थोडा ऊस, थोडा कांदा. खुरपणी करताना मामींच्या (म्हणजे सासूबाईंच्या) गळ्यातली पोत तुटली. काळे मणी पदरात सापडले, पण सोन्याच्या दोन वाट्या कुठल्या तरी वाफ्याच्या मातीत गडप झाल्या. सगळ्यांनी बोटांनी माती चाळली. मामी दोन दिवस जेवल्या नाहीत. मग त्यांनी हळदीचं खांड दोऱ्यात बांधून गळ्यात घातलं आणि पुन्हा खुरपायला बसल्या. माझी बायको वैशाली मात्र फोनवर आईचा आवाज ऐकायची आणि फोन ठेवून डोळे पुसायची.

मला ते बघवलं नाही. मी नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात डिझाईन विभागात आहे. दिवसभर संगणकावर नटबोल्ट काढतो. असा माणूस घरात असताना सोनं मातीत राहतं म्हणजे काय! मी ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवला. लांब दांडी, खाली गोल थाळी, धातू दिसला की पीं पीं.

"आता हे घेऊन रविवारी जाऊ," वैशाली म्हणाली.

"जाऊ. पण खणणार कशानं?"

"खुरप्यानं. आईकडे चांगली पाच-सहा आहेत."

मी हसलो. (तसं हसायला मला नंतर कधीच जमलं नाही.) "अगं, खुरपं हे गवतासाठी असतं. धातू शोधायचा तर खड्डा छोटा, कडा सरळ आणि मातीचं ढेकूळ अख्खं वर यायला पाहिजे. त्यासाठी वेगळं हत्यार लागतं. मी ते डिझाईन करतो."

"डोरलं फेब्रुवारीत पडलंय," ती म्हणाली. "कांदा काढणीला यायच्या आत करा म्हणजे झालं."

पहिलं हत्यार मी टेम्पोच्या जुन्या पाट्यापासून बनवलं. ते इतकं जड झालं की ते उचलायला दुसरं हत्यार डिझाईन करावं लागलं असतं. दुसरं हलकं केलं, तर सोसायटीच्या कुंडीतच त्याची मान वाकली. तिसऱ्याला मी एका बाजूला धार काढली, दुसऱ्या बाजूला मुळं कापायला करवतीसारखे दात पाडले, पात्यावर खोली मोजायच्या खुणा कोरल्या आणि मोटरसायकलची रबरी मूठ बसवली. हे सगळं गच्चीवर, ग्राइंडर लावून. तिथेच खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या, ही गोष्ट ठिणग्या उडायला लागल्यावर माझ्या लक्षात आली. त्या वर्षी त्या काकूंच्या कुरडया तळायच्या आधीच खमंग लागत होत्या. काकू आजही जिन्यात भेटल्या की माझ्याकडे न बघता वैशालीला म्हणतात, "एकट्याच निघालात?"

पण हत्यार काय झालं होतं! मी त्याला चामड्याचं म्यान शिवून घेतलं. कमरेला लावलं तर बसताना टोचायचं, म्हणून डाव्या पोटरीला पट्ट्यानं बांधलं. हत्यार पायानं दाबून रोवता यावं म्हणून कारखान्यातले सेफ्टी शूज चढवले. आरशात बघितलं. वैशालीनंही बघितलं.

"लढाईला निघालात का आईकडे?"

मार्चअखेरीस आम्ही सासुरवाडीला पोहोचलो. कांदे चांगले मुठीएवढे झाले होते, पात पिवळी पडायला लागली होती. माझा मेहुणा संपत माझ्या पायाकडे बघतच राहिला.

"दाजी, ह्ये खुरपं पायाला का बांधलंय?"

"याला खुरपं म्हणू नका."

"मग काय म्हनायचं?"

याचं नाव ठेवायचं मात्र माझ्याकडून राहिलं होतं. मी म्हणालो, "हत्यार म्हणा."

मामी हात पुसत बाहेर आल्या. "पाव्हनं, कशाला तरास घेता? गेलं त्ये गेलं. आठवड्यावर काढनी आलीय, तवा काय गावलं तर गावंल."

"मामी, तुम्ही फक्त बघत राहा," मी म्हणालो. आणि त्यांनी खरोखर ते केलं. शेवटपर्यंत.

डिटेक्टर सुरू केला आणि पहिल्याच पावलाला पीं! मी म्यानातून हत्यार काढलं (दोनदा प्रयत्न करून), खड्डा घेतला, माती चिवडली. काही नाही. हत्यार म्यानात घातलं, थाळी पुन्हा फिरवली. पीं!

"अजून खोल आहे," मी म्हणालो.

अजून खणलं. चार कांदे वर आले. हत्यार म्यानात, थाळी खड्ड्यावर. पीं पीं!

"बरंच खोल आहे."

"दाजी, डोरलं मातीत पडलंय, बोअरमधी न्हाई," संपत म्हणाला.

मी पुढच्या वाफ्यात गेलो. तिथंही पीं. त्याच्या पुढच्या वाफ्यातही पीं. मी जिथं उभा राहीन तिथं धातू! तास-दीड तासात निम्म्या वावराला देवी आल्यासारखे खड्डे पडले. उपटलेले कांदे संपत मुकाट्यानं पाटीत भरत होता. पहिली पाटी भरली तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं, काढनीची मजुरी वाचली." दुसरी भरली तेव्हा तो तिसरी पाटी आणायला गेला.

एवढ्यात बांधापलीकडून बबनतात्या आले. तात्यांचं वावर शेजारचं, आणि बांध कुणाचा यावर दोन्ही घरांचं पिढ्यान् पिढ्या एकमत झालेलं नाही.

"काय गावलं?" तात्यांनी विचारलं.

"मशीन सगळीकडं वाजतंय," संपत म्हणाला.

"सगळीकडं? मंजी खाली घबाड हाय!" तात्यांचे डोळे मोठे झाले. "आण बरं, तू फिरव."

संपतनं डिटेक्टर घेतला. तो अनवाणी होता. माझ्या खड्ड्यांवरून त्यानं थाळी फिरवली. चूं नाही की चां नाही.

"तुमचा हात बसलेला नाही," असं म्हणून मी डिटेक्टर घेतला. पीं पीं पीं!

तात्या दोन पावलं मागं सरले. "संपत, हे साधं काम न्हाई. मशीन पाव्हन्याच्या हातातच बोलतंय. पाव्हना पायाळू हाय!"

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेला माणूस. त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणतात. मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय पाव्हनं? तुमी पायाळू हाय?"

मी नगरच्या सरकारी दवाखान्यात, सगळ्यांसारखा, डोकं पुढं करून जन्मलो. (तेवढ्याच वेळी ते पुढं होतं, असं वैशाली म्हणते.) नाही म्हणायला काय जात होतं? पण इतक्या वर्षांत सासुरवाडीत माझ्याकडे असं भक्तिभावानं कुणी बघितलं नव्हतं. मी आकाशाकडे बघितलं आणि म्हणालो, "आई तसं काहीतरी म्हणायची खरी."

झालं! तात्यांनी तिथूनच फोन लावले. बघता बघता बांधावर माणसं जमली. कुणी म्हणालं हंडा आहे, कुणी म्हणालं रांजण आहे. एक जण नारळ घेऊन आला. मामींनी मला ओवाळावं की नको, यावर बायकांत चर्चा सुरू झाली. माझे सासरे, मामा, बाजेवरून उठून आले आणि बांधावर बसले. मी बांधाजवळ गेलो, पीं झालं, तसे तात्या पुढं धावले.

"थांबा! ह्या अंगाला गावलं तर निम्मं माझं!"

"तुमचं कसं?" संपत उसळला. "बांध आमचा हाय!"

"तुझ्या आज्यानं नांगर घालून सरकिवलाय बांध! हंडा सांगंल कुनाचा हाय त्यो!"

"हंडा काय साक्षीला येनार हाय व्हय?"

दोघांनी एकमेकांच्या बंडीला हात घातला. मी मध्ये पडलो. पोटरीवरच्या म्यानातून अर्धं निसटलेलं हत्यार तात्यांच्या धोतरात अडकलं, दातांनी आपलं काम चोख केलं आणि तात्यांच्या धोतराचा सोगा टरटरत माझ्याबरोबर आला. बायकांनी तोंडं फिरवली. या गडबडीत डिटेक्टर खाली पडला, तो वैशालीनं उचलला, तेव्हा थाळी माझ्या पायाला लागली.

पीं-पीं-पीं-पीं-पीं!

वैशालीनं थाळी लांब केली. गप्प. माझ्या पोटरीजवळ आणली. पीं! बुटाजवळ आणली. पीं पीं! तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं होतं, त्यानंतर इतकं निरखून पहिल्यांदाच.

"हे पायाळू नाहीत," ती बांधाकडे वळून म्हणाली. "ह्यांच्या पायाला लोखंड बांधलंय. आणि बुटात पण लोखंड आहे. सकाळपासून हे स्वतःलाच खणताहेत."

बांधावर हशा असा उसळला की उसातले बगळे उडाले. नारळवाल्यानं नारळ पिशवीत घातला. तात्या धोतर सावरत म्हणाले, "तरी मला वाटलंच हुतं!" आणि घराकडं निघाले.

मी म्यान सोडलं, बूट काढले आणि निव्वळ मोज्यांवर वाफ्यात उभा राहिलो. आता हार मानली असती तर थोडीफार अब्रू राहिली असती. पण मी डिटेक्टर पुन्हा हातात घेतला. तो आता खरं बोलायला लागला होता, आणि खरं बोलणाऱ्याचं घरात काय होतं ते लगेच दिसलं. विहिरीशेजारच्या लिंबाखाली तो एकसारखा वाजला. खणलं, तर बाटल्यांची पत्र्याची झाकणं. एक, दोन, मग ओंजळभर.

मामींनी झाकणांकडे बघितलं, मग संपतकडे.

"पानी धरायला जातो म्हनतोस त्ये ह्येच पानी व्हय रं?"

संपतनं माझ्याकडे असं बघितलं, की त्या क्षणी वावरात पुरण्यालायक सगळ्यात मोठी वस्तू मीच होतो. "दाजी," तो दात आवळून म्हणाला, "तुमाला कुनी बोलावलं हुतं का?"

ऊन कलायला लागलं होतं. शेवटचे दोन वाफे राहिले होते. मामी माझ्या मागं चालत होत्या. गळ्यातलं हळदीचं खांड त्यांनी चिमटीत धरलं होतं. आणि एका जागी डिटेक्टर बारीक, अगदी लाजत वाजला. पीं.

"हितंच!" मामी एकदम म्हणाल्या. "आत्ता ध्यानात आलं, हितं बसले हुते मी त्या दिशी! ह्याच वाफ्यात!"

सगळे जमले. वैशालीनं हलक्या आवाजात सांगितलं, "आता हातानं काढा. हातानं."

हातानं काढायचं? आणि मग ते हत्यार कशासाठी बनवलं होतं? कुरडया कशासाठी जळल्या होत्या? मी हत्यार उचललं, खुणेपर्यंत रोवलं आणि झोकात फिरवलं. आत काहीतरी कट् झालं.

मातीचं ढेकूळ मात्र अख्खं वर आलं. मी म्हटलं होतं तसंच! फोडलं, तर त्यात डोरल्याच्या दोन्ही वाट्या. एक धडधाकट, सोन्यासारखी. दुसरी माझ्या हत्याराच्या दातात अडकलेली, मधोमध चिरलेली, लाडूचा घास घ्यावा तशी. मुळं कापायला काढलेल्या त्या दातांनी दिवसभरात धोतर कापलं, सोनं कापलं. मूळ एकही कापलं नाही.

मामींनी दोन्ही वाट्या तळहातावर घेतल्या. पदरानं पुसल्या. त्यांचे डोळे भरून आले. आनंदानं की कशानं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

"देव पावला," त्या म्हणाल्या. मग मामांकडे बघून, "संसारात एवढी भांडनं झाली आपली, पर डोरल्याला कंदी वरखडा गेला न्हाई. पाव्हन्यांनी एका घावात क्येलं."

मामा पहिल्यांदाच हसले. मी मोज्यांतली माती झटकत बसलो.

दुसऱ्या दिवशी राहुरीला सोनाराकडे गेलो. त्यानं वाटी भिंगाखाली धरली, उलटसुलट केली आणि विचारलं, "कुत्रं चावलं का हो?"

"नाही," वैशाली म्हणाली. "इंजिनिअर."

ते हत्यार मी सासुरवाडीलाच विसरून आलो. (वैशाली म्हणते, तिनं विसरवलं.) पुढं जूनमध्ये पुन्हा गेलो, ओसरीवर चहा घेत बसलो होतो, तर आतून मामींचा आवाज आला.

"संपत! त्यो जावई उचल बरं दारातनं! येता-जाता पायात येतोय!"

मी कपबशीसकट उठलो आणि भिंतीला चिकटून उभा राहिलो. संपत बाहेर आला, मला बघून चपापला आणि दाराशी पडलेलं माझं हत्यार गुपचूप उचलायला लागला. आतून मामी आल्या, त्यांनी मला पाहिलं आणि जीभ चावली.

"त्याला जावई म्हणता?" मी विचारलं.

संपतनं मामींकडे बघितलं, मामींनी मामांकडे. शेवटी बाजेवरून मामा म्हणाले, "त्याचं असं हाय पाव्हनं, दिसायला लई चकचकीत. वजनाला भारी. कामाला लावलं तर दुप्पट काम वाढवून ठिवतंय. पर लेकीकडं बघून टाकून बी देता येत न्हाई."

मी संपतच्या हातून ते घेतलं, फडक्यानं पुसलं आणि ओसरीवर माझ्या शेजारी सावलीत ठेवलं. मामींनी आतून आणखी चहा आणला. मला एक कप, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांनी क्षणभर त्याच्याकडेही बघितलं.