मिरचीचे हात

सत्तर सालच्या आसपास मी इतवारीतल्या एका शाळेत पहिलीला शिकवत असे. एक मुलगी रोज रडायची, म्हणून तिच्या आईला मी वर्गात दाराशी बसू दिलं. ती मिरचीच्या गोदामात देठं खुडायची. कामावर जाण्याआधी तासभर बसायची. लेकीचे डोळे पुसायचे तर मनगटाने पुसायची, बोट म्हणून लावायची नाही.

मी फरशीवर खडूने मोठं अक्षर काढायचे आणि मुलं त्यावर चिंचोके मांडायची. दाराशी बसून तीही फरशीवर बोट फिरवायची. पाटी दिली तर मात्र मागे सरायची.

"मिरचीचे हात हाय, बाई. पाटीले लागन, मंग पोरीच्या डोयात जाईन."

आठवड्याभरात मुलगी रडायची थांबली. आई येतच राहिली. मीही तिला बसू दिलं.

थंडीत एका शनिवारी ती एकटीच आली.

"पोरगी कुठाय?"

"मामाकडं गेली, भिवापूरले."

"मग तुम्ही काहून आल्या?"

ती पदर सावरत नेहमीच्या जागी बसली. "आज शेवटचं अक्षर हाय नं, बाई. पोरीचं राहून जाईन."

मी फरशीवर 'ज्ञ' काढला. त्या दिवशी जरा जास्तच मोठा.

सोमवारी मुलगी आली आणि मी काही सांगायच्या आत तिने पाटीवर 'ज्ञ' काढून दाखवला. कौतुकाने मी पाटी डोळ्यांजवळ नेली, तर मला सटासट शिंका आल्या.