हळदीकुंकवातला फर्मा

"खोलिए ना कुलकर्णीबाबू, अब तो सूख गया होगा!"

दत्तबाबूंचा सकाळपासूनचा हा तिसरा फोन. धनुष्य फर्म्यात आवळून जेमतेम अठरा तास झाले होते. मी म्हटलं, "चार दिन लगेगा." ते म्हणाले, "एक बार देखने में क्या है?"

मी एका सरकारी कारखान्यात पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणारा, होतो. रिटायर झाल्यावर कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या घरातल्या गॅरेजमध्ये लाकडी धनुष्यं करायला लागलो. दत्तबाबू बराकपूरचे. त्यांनी जन्मभर मुलांना तिरंदाजी शिकवली. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जड धनुष्य बंद केलं. दुर्गापूजा संपली की त्यांचे जुने विद्यार्थी जमणार होते. त्यांच्यासमोर त्यांना तीस मीटरवरच्या टार्गेटवर बाण मारायचा होता. बाण मधेच मातीत पडला तर त्या मैदानावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं ते मला म्हणाले होते.

हलक्या धनुष्यातून बाण लांब जायचा तर रिकर्व्ह लागतो. म्हणजे धनुष्याची दोन्ही टोकं पुढे, बाणाच्या दिशेनं वळवायची. बाण सुटताना ती टोकं त्याला जादा जोर देतात. त्यासाठी धामणीच्या लाकडाचं टोक तासभर वाफवायचं. माझी स्टीम मशीन म्हणजे बायकोच्या जुन्या मोदकपात्रावर बसवलेला पाईप. लाकूड बाहेर आलं की काही सेकंदांत ते फर्म्यावर, म्हणजे वळणदार ठोकळ्यावर, वाकवायचं आणि क्लॅम्पनं आवळायचं. मग वाट बघायची. शेवटची पायरी सगळ्यात अवघड, कारण तिथे कारागिराला काहीच काम नसतं.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं. धनुष्याच्या टोकाचं उलटं. घाईनं सोडलं की ते सरळ व्हायला बघतं. हे मला ठाऊक होतं. तरी चौथ्या फोनला मी क्लॅम्प सोडले. संध्याकाळपर्यंत वरचं टोक निम्मं सरळ झालं, खालचं तसंच राहिलं. एक भुवई उडवलेल्या साहेबासारखं ते धनुष्य माझ्याकडे बघत होतं. दोष माझाच होता, त्यामुळे शिव्या घालायलाही कुणी नव्हतं.

सप्तमीला मी टोकं पुन्हा वाफवली. लाकूड तिसऱ्यांदा हे सोसणार नव्हतं. नवमीला दत्तबाबू स्वतः गॅरेजमध्ये हजर.

"खोलिए, मैं सामने बैठकर देखूँगा."

माझा हात क्लॅम्पकडे गेलासुद्धा.

"अहो, हात लावू नका!" बायको दारातून ओरडली. "आज खंडेनवमी आहे."

तिनं सकाळीच करवत, रंधा, मोदकपात्र आणि फर्म्यासकट धनुष्य, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडू वाहिला होता. आमच्याकडे पूजेतली हत्यारं दसरा झाल्याशिवाय उचलत नाहीत.

दत्तबाबू चक्रावले. "लेकिन औज़ारों की पूजा तो विश्वकर्मा पूजा में हो गई! उस दिन भी आपने छुट्टी मारी थी."

"वो इधर का था. ये हमारे घर का है."

दत्तबाबूंनी चपला काढल्या, फर्म्याला नमस्कार केला आणि बराकपूरला परत गेले.

एकादशीला फर्मा उघडला. दोन्ही टोकं जुळी. दोरी चढवली, ती बरोबर मुठीच्या मध्यरेषेवर आली.

रविवारी मैदानावर दत्तबाबूंनी धनुष्य ताणलं. खांदा थरथरला. मी डोळे मिटले. ठक्क असा आवाज आला. बाण टार्गेटच्या खालच्या काठात घुसला होता, पण घुसला होता. मुलं टाळ्या वाजवायला लागली, तसे दत्तबाबू खेकसले, "ताली बाद में! पहले लाइन में खड़े हो जाओ!" आणि दोन तास ते एकेकाचं कोपर सरळ करत राहिले.

लाकूड वाळायला चार दिवस लागतात, हे मी त्यांना पाच वेळा सांगितलं होतं. शास्त्र कुणाला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. आता कुणाचीही ऑर्डर असो, कुठलाही महिना असो, फर्मा आवळला की मी आधी त्याला हळदीकुंकू लावतो.