आखाड्यावरचा कॅमेरा

माझे वडील, आबा, गेल्यावर मी पुण्याची खोली सोडली आणि केज तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या घरी येऊन राहिले, आईपाशी. नोकरी घरूनच करायची होती, त्यामुळे माझा सगळा जीव इंटरनेटवर आणि इंटरनेटचा जीव एका पांढऱ्या डब्यात. फायबरची तार त्याच्यात, राउटर तोच, वायफायही तोच. घरातल्या थोरल्या सुनेवर सगळी कामं टाकावीत तशी त्याची गत, म्हणून एकही काम धड होत नव्हतं. मी मुळात तापट. त्या डब्याला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या माणसांनाही घातल्या नसतील. शेवटी ठरवलं, आता कामं वाटून द्यायची. फायबरचा डबा वेगळा, राउटर वेगळा आणि वायफायचं यंत्र गच्चीवर, चहूकडे पोचेल असं. सामान मागवलं आणि वाट बघत बसले.

त्याच दिवसांत आईचं माझ्या लक्षात आलं. तिला साखर आहे. सकाळी गोळी घ्यायची आणि पार दिवेलागणीपर्यंत पोटात काही नाही. एकदा ओट्याला धरून ती खालीच बसली, हातपाय गार, अंगाला घाम. मी साखर चारली तेव्हा कुठे डोळे उघडले. भाकरी केलेली, ताट वाढलेलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं. असं रोज चालायचं आणि ती फोन घेऊन दारात बसायची.

"कुणाची वाट बघतीस गं?" मी तिच्यावर ओरडलेच.

"तेंची," ती म्हणाली. "अजून उठले न्हाईत."

तिने फोन माझ्यापुढे धरला.

विहिरीपलीकडे आमचा आखाडा आहे, म्हणजे शेतातली बैलांची नि अवजारांची शेड. मोटार चोरीला जाईल या धास्तीने आबांनी तिथे कॅमेरा लावला होता. आईने त्याचा उपयोग भलताच केला. आबा बाजेवरून उठलेले दिसले की ती तवा ठेवायची. ते जेवल्याशिवाय ती जन्मात कधी जेवली नाही. आणि आता फोनमध्ये आबा कडुलिंबाखाली बाजेवर बसलेले होते. पाठमोरे, पांढरी बंडी, एक हात गुडघ्यावर. सावली पायाशी गोळा झालेली, भर दुपारची. दाराबाहेर दिवस बुडत होता.

कारण मला लगेच कळलं. आबा गेले त्या दुपारी आईने फोन उघडला तेव्हा ते बसलेलेच होते. त्यानंतर त्यांना घरी आणलं ते उचलूनच. पुढच्या खोलीत दिवा ठेवला, दिव्याभोवती पीठ पसरलं, वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली. खिडकीतला इंटरनेटचा डबा कुणीतरी उचलून आतल्या खोलीत धान्याच्या लोखंडी कोठीमागे नेऊन ठेवला. सुतकात त्याची कुणाला पडलेली? तिथून आखाड्यापर्यंत वायफाय पोचेना, कॅमेऱ्याचा संपर्क तुटला आणि फोनवर शेवटचं बघितलेलं चित्र तसंच राहिलं.

हे सगळं मी आईला नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मला बी कळतंय," ती म्हणाली. "मी काय येडी न्हाई. पण दहाव्याला कावळा शिवला का? किती येळ उभे होतो आपण. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. तवाच मी समजले, ह्ये कुठंतरी अडकलेत. ते बसलेले आन् मी जेवू व्हय?"

वाईट म्हणजे, त्या दिवसापासून मीही बघू लागले. येता-जाता तिच्या फोनमध्ये डोकावायचे आणि वाटायचं, काल हात गुडघ्यावर जरा वर होता का? आमचा गडी म्हणाला, बैल हल्ली लिंबाखाली बसत न्हाईत, उन्हात बसतात. उगाच सांगितलं त्याने. मी आखाड्याकडे जायचं बंद केलं.

सामान आलं. आता माझं काम राहिलं बाजूला. आईला रिकामी जागा दिसली तर ती जेवेल, एवढंच डोक्यात होतं. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, म्हणजे कॅमेरा आपोआप जोडला जाईल. गच्चीवरचं यंत्र आखाड्याच्या दिशेने बसवलं, वायर खाली सोडली आणि चालू करून आईजवळ येऊन बसले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग चित्राचे चौकोन चौकोन झाले. पांढरी बंडी वर ताणली गेली, हात गुडघ्यावरून सुटला आणि ती पाठ उभी राहिल्यासारखी झाली. जुनं चित्र जाऊन नवं येताना असं होतं, हे मला माहीत आहे. तरी मी आईचा दंड गच्च धरला होता. मग नुसती जागा उरली. लिंबाची फांदी हलत होती. गड्याने बाज खोडाला उभी करून ठेवली होती.

"उठले," आई म्हणाली. तिने हात जोडले. "जावा आता. हिकडचं मी बघते."

ती आत गेली, वरचं ताट काढलं आणि जेवली. दुसरी भाकरीही घेतली. मला इतका आनंद झाला की मी मोरीत जाऊन रडले.

संध्याकाळी मला ते चित्र पुन्हा बघावंसं वाटलं. आबांचे फोटो आहेत, पण सगळ्यांत फेटा बांधून, समोर बघून, ताठ. आपल्याकडे कुणी बघत नाही असं समजून निवांत बसलेले आबा तेवढेच होते. मी आईचा फोन धुंडाळला. कुठेच नाही. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकायचं राहूनच गेलं होतं. आणि त्या चित्राचा फोटो काढून ठेवावा हे मला एकदाही सुचलं नाही, कारण ते जावं म्हणूनच तर माझा सारा खटाटोप होता.

जुनं चित्र परत येईल या वेड्या आशेने मी फायबरची तार उपटली, कोठीमागे जुन्या डब्यात खोचली, डब्याचे दिवे लागायची वाट बघितली. फोन उघडला. चित्र पुन्हा थांबलं होतं. त्यात उभी बाज होती आणि अर्धवट हललेली फांदी.

"कावून लावलास त्यो परत?" आई मागे येऊन उभी होती. तिने माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"गेलेत ते, बाई," ती म्हणाली. "चल, तुला वाढते."

तिने ताट आणून ठेवलं. मी आखाड्याकडे तोंड करून दारात बसून राहिले. ताट निवून गेलं.